पाणी चढू लागले की आधी काय वर न्यायचे?

गावभागकर (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीच्या गावभागात राहतो. वय ७२. माध्यमिक शाळेतून गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली. गेल्या मार्गशीर्षात माझी पत्नी हृदयविकाराने दोन दिवसांत गेली. वर्षश्राद्ध अजून व्हायचे आहे. तिच्याविना हा माझा पहिला पावसाळा, आणि माझा प्रश्न या पावसाळ्यापुरताच आहे, निदान लिहायला बसलो तेव्हा तरी मला तसे वाटत होते.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. जुलै लागला की भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ‘आयर्विनला किती?’ हाच प्रश्न असतो आणि उत्तर नुसत्या आकड्यात मिळते. २००५ ला जवळपास ५४ फूट, २०१९ ला ५७ फुटांच्या वर आणि २०२१ ला ५५ फुटांच्या घरात पाणी आले होते. २०१९ ला आमच्या तळमजल्यात ते कंबरेच्या वर चार बोटे होते. भिंत दोनदा रंगवून झाली, तरी त्या उंचीवर दर हिवाळ्यात मिठासारखा पांढरा फुलोरा येतो आणि तो मी दरवर्षी खराट्याने झाडतो. (कोयना धरणाचा विसर्ग आणि आलमट्टी धरणाची उंची यांवर इथे कृपया वाद नको. त्यासाठी आमच्या कट्ट्यावर मुबलक मंडळी आहेत.)

घरातले पुराचे खाते पत्नीकडे होते. रोज सकाळी ती पातळी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहीत असे, आणि त्यासाठी तिने माझी पेपर तपासायची लाल-निळी पेन्सिल कायमची ताब्यात घेतली होती. चढते पाणी लाल, उतरते पाणी निळे. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून तिने एक यादी चिकटवली आहे. ३५ फुटांना तांदूळ-गव्हाची पिंपे आणि डाळींचे डबे वर, ३७ ला कागदपत्रे आणि पुस्तके, ३९ ला गाद्या, मिक्सर आणि शिवणयंत्र, ४१ ला देव. त्याखाली तिने लिहिले आहे, ‘मग आपण.’ वर म्हणजे माडीवर. मध्ये लाकडी जिना आहे, पंधरा पायऱ्यांचा आणि उभा.

गेल्या आठवड्यात पाणी ३० च्या पुढे गेले, तेव्हा मी ती यादी पहिल्यांदा नीट वाचली. इतकी वर्षे पत्नी सांगत असे आणि मी उचलत असे. वाचताना ध्यानात आले की तिच्या साड्यांची ट्रंक यादीत कुठेच नाही. मग २०१९ आठवले. त्या वेळी पाणी वेगाने चढत होते आणि मी हट्टाने पुस्तकांची पाच पोती आधी वर नेली. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर तिने साड्या बोअरच्या पाण्याने तीन-तीनदा धुतल्या, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा घडी करून ठेवल्या, आणि त्याबद्दल मला एका शब्दाने काही म्हणाली नाही. एका पांढऱ्या इरकलीत काठाचा लाल रंग उतरला होता. ‘आता हिला नवीन नक्षी आली,’ एवढेच ती म्हणाली होती. पुराआधी तिची यादी तोंडपाठ होती, कागदावर ती त्यानंतर उतरली. त्या कागदावर पुस्तके आहेत आणि ट्रंक नाही, याचा अर्थ मला आता लागतो आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही.

ट्रंक तशीच खाली आहे. मी ती उघडलेली नाही. एकट्याने ती मला हलतही नाही, कारण दोन्ही गुडघे गेले आहेत. मुलगी इचलकरंजीला असते. ती म्हणते, ‘बाबा, मी येऊन घेऊन जाते, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता.’ मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो की ट्रंकच काय, सगळेच आवरा आणि इकडे या, दर पावसाळ्याला आमचा जीव टांगणीला लागतो. दोघांचेही चूक नाही.

ज्यांनी जोडीदार गमावला आहे आणि ज्यांनी पूरही पाहिला आहे, त्यांना विचारायचे आहे. ती ट्रंक पाणी येण्याआधी मुलीकडे देऊन मोकळे व्हावे, की यादीत सगळ्यात वर घालावी? आणि या वयात दर जुलैमध्ये पंधरा पायऱ्या चढण्याचा हट्ट धरावा का? उपदेश नको, अनुभव असेल तर लिहावा.

खणभागातली

भाऊ, नमस्कार. मी ६७ वर्षांची आहे. पूर्वी खणभागात राहत होते, आता विश्रामबागेत राहते. माझे यजमान २०१८ च्या दिवाळीनंतर गेले आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये पाणी आले, म्हणजे तुमचा प्रश्न मला त्याच वर्षी सोडवावा लागला. खरे सांगायचे तर मी तो सोडवला नाही, नदीने सोडवला.

आमचे कापडाचे छोटे दुकान होते आणि घर त्याच्या मागे. यजमानांचे सगळे खालच्याच खोलीत होते: कोट, दुकानाच्या वह्या, ते झोपायचे ती कापसाची गादी. त्या नऊ महिन्यांत मी त्यातले काहीच हलवले नव्हते. पाणी आले त्या रात्री सासूबाईंना खांद्याला धरून बाहेर काढण्यात सगळा वेळ गेला. आठ दिवसांनी परतलो तेव्हा वह्यांचा लगदा झाला होता आणि गादी इतकी फुगली होती की दारातून निघेना. शेवटी ती कापून काढली. तुम्हाला आठवत असेल, त्या वेळी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाद्या, कपाटे, टीव्ही यांचे ढीग लागले होते आणि जेसीबी येऊन ते ट्रॅक्टरमध्ये भरत होता. तेराव्याला मी कोरडी बसले होते. बायका कुजबुजतही होत्या. त्या ढिगातून ती गादी उचलली गेली तेव्हा मात्र मी रस्त्यात बसकण मारली. चिखलातच.

पुढे बरेच जण मला म्हणाले की एका परीने बरे झाले, आवरण्याचा त्रास वाचला. तसे नसते हो. जे मी माझ्या हाताने दिले, ते कुणाला दिले हे मला ठाऊक आहे. त्यांचा स्वेटर रिक्षावाल्याच्या अंगावर बघितला की मला अजून बरे वाटते. जे पाण्याने नेले, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. म्हणून सांगते, ट्रंक मुलीला द्या, वर चढवा किंवा वाटून टाका, पण या पावसाळ्यात ती खाली राहू देऊ नका. आणि देण्याआधी एकदा उघडा. न उघडता दिलीत तर पुढची दहा वर्षे ती तुमच्या डोक्यात बंदच राहील.

दुसरे एक तुमच्या लिहिण्यातून जाणवले, म्हणून धीर करून लिहिते. तिने यादीत ट्रंक घातली नाही याचा तुम्ही लावलेला अर्थ कदाचित बरोबरही असेल, पण बायका आपल्या वस्तू यादीत घालत नाहीत त्याला नेहमी नवराच कारण असतो असे नाही. माझ्या आईची ट्रंकही कधी कुठल्या यादीत नव्हती. आमच्या पिढीला तसेच वळण होते, घरातले सगळे सावरून झाले की मग स्वतःचे. हे वळण चांगले होते असे माझे म्हणणे नाही. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ती बातमी वाचली तेव्हा मी साडेतीन वर्षे कुंकवाविना वावरत होते, आणि मला तसे करायला कुणी सांगितलेही नव्हते. मीच आपणहून सगळे सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी मी लहानशी टिकली लावून दूध आणायला गेले. दूधवाल्याने दूध दिले. एवढेच झाले.

तुमच्या मंडळींना तुमच्यावर राग होता की नव्हता हे आता ठरवता येणार नाही. इरकलीवर त्या विनोद करू शकल्या, तेवढे माझ्या मते पुष्कळ आहे.

मिरजेची सिस्टर

सर, मी मिरजेतल्या रुग्णालयात ३४ वर्षे परिचारिका होते, आता निवृत्त आहे. ट्रंकेबद्दल वरच्या ताईंनी लिहिले त्यात मी भर घालणार नाही. मला तुमच्या पायऱ्यांबद्दल आणि थोडे तुमच्याबद्दल लिहायचे आहे.

गुडघे झिजलेल्या माणसाला जिना चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते, आणि हातात ओझे असले की पायरी दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात खुब्याचे हाड मोडून आलेल्यांमध्ये कित्येक जण घरातल्याच जिन्यावरून घसरलेले असत. तेव्हा जे काही वर न्यायचे ते तुम्ही नेऊ नका. तुम्ही खाली किंवा वर एका जागी उभे राहून सांगा आणि दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाकून झटकन उभे राहणेही टाळा. औषधे, चष्म्याची जादा जोडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून आजच माडीवर ठेवा. त्यासाठी कुठल्याही फुटाची वाट बघायची गरज नाही. आणि मधुमेह असेल तर पुराच्या पाण्यात अनवाणी पाय घालू नका, तळव्याची जखम तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

आता दुसरे. तुम्ही लिहिले की सात-आठ महिने झाले आणि ट्रंक उघडलेली नाही. यात आजार म्हणावा असे मला काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आजार म्हणून वेगळी जागा दिली आहे, पण त्यासाठी नुसते सहा महिने उलटून पुरत नाहीत. आपल्या समाजात जेवढा काळ आणि जेवढे दुःख रीतीला धरून मानतात त्याच्या बाहेर ते गेलेले असावे लागते, आणि रोजचे चालणे-बोलणे, खाणे, व्यवहार त्यापायी बंद पडलेले असावे लागतात. तुम्ही पातळी बघता, यादी वाचता, मुलांचे म्हणणे समजून घेता. जेवण कसे आहे तेवढे मात्र तुम्ही लिहिले नाही. एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे पहिल्यांदा तिथेच बिघडते असा माझा अनुभव आहे. सकाळी पोहे, दुपारी तेच पोहे आणि रात्री दूध. हे फार दिवस चालले तर अंगातली ताकद जाते, आणि मग सगळे दुःखाच्या खात्यावर लिहिले जाते.

झोप अजिबात लागेनाशी झाली, किंवा आपणही आता जावे असे मनात घोळू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून चालू आहे, ती फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे. तुम्हाला गरज आहे म्हणून लिहीत नाही. ती पिशवी वर ठेवाल, त्यात चिठ्ठीवर हे दोन आकडेही असू द्या.

माचीपेठेतली

काका, मी मूळची साताऱ्याची, माची पेठेतली, आणि नोकरीसाठी पुण्यात राहते. माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मी तुमच्या मुलांच्या बाजूने लिहिते आहे, आणि आधी एक चूक कबूल करते.

बाबांच्या तेराव्यानंतर दोनच दिवसांनी, आईला त्रास नको म्हणून, ती शेजारी गेलेली असताना मी आणि भावाने बाबांचे कपाट रिकामे केले. सदरे, धोतरे, मफलर, सगळे चार गाठोड्यांत बांधून देऊन टाकले. आम्हाला वाटले की आपण मोठेच काम केले. आई परत आली, तिने कपाट उघडले, बंद केले आणि दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, ‘त्यांचा अंग पुसायचा पंचा कुठे आहे?’ तो जुना विरलेला पंचा आम्ही गाठोड्यातसुद्धा घातला नव्हता. केरात टाकला होता. तुमची मुलगी ‘मी घेऊन जाते’ म्हणते ते प्रेमानेच म्हणते, पण ती ट्रंक आवरताना तुम्ही तिथे बसलेले असावे. तिला काय टाकायचे ते कळेल, काय टाकायचे नाही ते तुम्हालाच ठाऊक.

आता पुण्याबद्दल. आम्हीही आईला घेऊन आलो होतो. नवव्या मजल्यावरचे घर, खाली बाग, ज्येष्ठांचा कट्टा, सगळे होते. आई चार महिने राहिली. त्या चार महिन्यांत तिने कुणाला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. साताऱ्यात ती मंडईतल्या निम्म्या बायकांना नावाने ओळखते, अजिंक्यताऱ्यावर ढग उतरला की कपडे आत घ्यायचे हे तिला खिडकीतून कळते, आणि शेजारच्या सुनेशी तिचे भांडण आहे ते तर वीस वर्षे जुने आणि तब्येतीला अतिशय मानवणारे आहे. इथे तिला भांडायलाही कुणी नव्हते. आम्ही तिला परत नेऊन सोडले.

आता ती ७६ वर्षांची आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे. ती शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन निघते, मंगळवारी परत जाते, महिन्यातून दोनदा. मी एकदा म्हटले, ‘आता राहायलाच ये.’ तर म्हणाली, ‘मी राहायला येणार नाही. मी यायला येणार.’ तुम्ही ७२ चे आहात, म्हणजे तुम्हाला अर्धे तिकीट लागेल. सांगली-पुणे अंतर मोठे आहे हे मला कळते, पण जुलै-ऑगस्ट मुलाकडे आणि बाकीचे दहा महिने घरी, असे दोन्ही सांभाळून करता येईल का, ते बघा. जाताना कायमचे जाऊ नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

साड्यांची वाकळ शिवून घेणाऱ्या बायका आमच्याकडे आहेत. हवी असल्यास सांगा.

पाणी बघितलेला

गुरुजी, राग मानू नका, मी जरा कडू लिहितो. मी दत्तनगरात राहतो. तुमच्या गावभागात पाणी यायच्या कितीतरी आधी ते आमच्या दारात असते, त्यामुळे या विषयात माझा अभ्यास बरा आहे.

ट्रंक, इरकल, वाकळ हे सगळे ठीक आहे. पण वहिनींच्या यादीची शेवटची ओळ सगळ्यांनी वाचली आणि कुणीच धरली नाही. ‘मग आपण’ हे त्यांनी ४१ च्या खाली लिहिले आहे. म्हणजे ४५ ला धोका येण्याच्या चार फूट आधी माणसांनी घर सोडायचे, हा त्यांचा हिशेब होता आणि तो अगदी बरोबर होता. २०१९ ला ‘आमच्याकडे २००५ ला एवढेच आले होते’ असे म्हणत माडीवर बसून राहिलेली किती म्हातारी माणसे बोटीने काढावी लागली, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. वीज नाही, प्यायला पाणी नाही, खाली साप. माडी हे सामानाचे ठिकाण आहे, माणसाचे नव्हे.

तुम्ही गणिताचे आहात, तेव्हा कामाचे सांगतो. बोळातल्या तीन तरुण पोरांचे नंबर घ्या आणि त्यांना आजच, पाणी नसताना, चहाला बोलावून सांगा की ३५ झाले की यायचे. पाणी चढल्यावर प्रत्येकाला आपापले घर असते. कागदांमध्ये वहिनींचा मृत्यूचा दाखला, तुमचे पेन्शनचे पुस्तक, घराचा उतारा आणि बँकेची पासबुके एकत्र ठेवा. गॅस त्यांच्या नावावर असेल तर तो तुमच्या नावावर करून घ्या, रेशनकार्डावरचे नाव कमी करा, आणि जिथे जिथे वारस म्हणून त्यांचे नाव लावले आहे तिथे ते बदला. हे तुम्ही केलेले नसणार, कारण माझ्या वडिलांनीही ते दोन वर्षे केले नव्हते. खोडायला हात उचलत नाही, मला माहीत आहे. पण उद्या तुमच्या मुलांना दोन-दोन दाखले घेऊन खेटे घालावे लागतील.

गावभागकर

सर्वांचे आभार. सिस्टर, पोह्यांचे तुम्ही कसे ओळखलेत? दत्तनगरच्या बंधूंचेही खरे आहे. गॅस तिच्याच नावावर आहे, आणि सिलिंडर आला की तो माणूस पावतीवरचे तिचे नाव मोठ्याने वाचतो. त्यासाठीच मी ते बदललेले नाही, असे आता कबूल करायला हरकत नाही.

आज पातळी ३४. बोळातल्या तीन मुलांना चहाला बोलावले आहे.

गावभागकर (बारा दिवसांनी)

काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहितो.

पाणी ३९ च्या वर गेले, इशाऱ्याच्या काठाला आले आणि तिथे दीड दिवस थांबून उतरू लागले. आमच्या बोळात ते आले नाही. ३५ झाले त्या संध्याकाळी तिन्ही मुले आली. यादीप्रमाणे पिंपे गेली, कागद गेले. पुस्तके उचलायला लागली तेव्हा मी त्यांना थांबवले आणि आधी ट्रंक घ्या म्हणालो. ती भरलेली असताना जिन्याच्या वळणावर बसेना. दोनदा प्रयत्न झाला, भिंतीचा पोपडा निघाला, आणि मग एक मुलगा म्हणाला, ‘सर, रिकामी करून नेऊ.’ खणभागातल्या ताई, उघडण्याचा निर्णय असा झाला. मी घेतला असे म्हणता येणार नाही.

साड्या मी काढून द्यायचो आणि मुले दोन्ही हातांवर आडव्या धरून वर न्यायची. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी खालीच उभा होतो. कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा झाला होता. एकंदर ४३ साड्या निघाल्या. मला पंधरा-वीस असतील असे वाटत होते. त्यांतल्या निम्म्या मी तिच्या अंगावर पाहिल्याचे मला आठवत नाही. पुस्तके मात्र मला एकूण एक आठवतात. इरकल तळाशी होती. लाल रंग पांढऱ्यात उतरला होता तो आता फिकट गुलाबी झाला आहे, पुसल्यासारखा.

मुलगी रविवारी येऊन गेली. आम्ही दोघे माडीवर बसलो. तिने सात नेल्या, आठ मागच्या घरातल्या आणि भाजीवाल्या बायकांना दिल्या, बाकीच्या तूर्त इथेच आहेत. वाकळीबद्दल विचारले, तर मुलगी हसली. तिच्या आईला वाकळ कधीच आवडली नाही, फार जड होते म्हणायची. तेव्हा माचीपेठेच्या ताईंचे आभार, पण वाकळ नको. पुढच्या वर्षी जूनअखेर मुलाकडे जायचे आणि गणपतीला परत यायचे असे ठरते आहे. मुलगा म्हणतो, दोन महिने तर दोन महिने. यंदा पाणी उतरले आहे, तेव्हा यंदा मी इथेच आहे. यादीत ३५ आणि ३७ च्या ओळींमध्ये थोडी जागा होती. तिथे मी ‘ट्रंक, रिकामी करून’ असे लिहिले. माझे अक्षर तिच्यापेक्षा वाईट आहे आणि ओळ तिरकी गेली.

गॅसचे नाव अजून बदललेले नाही. दाखल्याच्या प्रती मात्र काढून आणल्या आहेत.

आज सकाळी आयर्विनला २८, निळ्याने. पिंपे अजून माडीवरच आहेत. ती उतरवायला मुले रविवारी येणार आहेत, तोवर मी रोज हात रिकामा ठेवून वर जातो आणि वाटीभर तांदूळ घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी खाली येतो.